वहीतून परत आलेला ब्लॉग

मित्रांनो, मला उघडायला दोन हात लागतात. माझ्या झाकणाची डावी बिजागरी तुटली आहे, म्हणून एका हाताने मला धरायचं आणि दुसऱ्याने पडदा सावकाश वर करायचा. मी एक काळा, जाडजूड लॅपटॉप. निपाणीत करिष्माच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. करिष्मा वेब डिझायनर आहे, म्हणजे दुकानं, शाळा, दवाखाने यांची संकेतस्थळं ती तयार करते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझी सगळी आठवण मधे एकदा पुसली गेली होती. त्यामुळे सुरुवातीची वर्षं मला माझी म्हणून आठवत नाहीत. ती मला नंतर कळली, कशी ते पुढे येईलच.

बेळगावातल्या एका कॉलेजने आपली संगणकखोली नवी केली, तेव्हा जुन्या यंत्रांत मी विकायला निघालो. करिष्मा त्या वेळी तेवीस वर्षांची होती आणि निपाणीत लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात काम करायची. तिच्यासोबत तिचे वडील भीमरत्न आले होते. त्यांना ती आप्पा म्हणते. आप्पांनी तंबाखूच्या वखारीत उभा जन्म बोदं, म्हणजे तंबाखूची अवजड पोती, उचलली, पण मला एसटीच्या फळीवर ठेवायला ते तयार होईनात. बेळगाव ते निपाणी त्यांनी मला मांडीवर घेऊन नेलं. संकेश्वरला गाडी थांबली तर चहालासुद्धा उतरले नाहीत.

माझ्यावरच करिष्मा नवी विद्या शिकली. तिचं पहिलं संकेतस्थळ निपाणीतल्या एका साड्यांच्या दुकानाचं. त्याच सुमारास तिने मराठीत ब्लॉग सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'जोडाक्षर'. एका फुकट सेवेवर तो चालायचा. दर रविवारी सकाळी ती काहीतरी लिहायची. कधी कामाबद्दल, कधी सॉफ्टवेअरवरचा राग. 'दुसऱ्या मजल्यावर' असं लिहावं आणि पडद्यावर 'दुसर्या' उमटावं, यावर तिने तीन रविवार खर्च केले होते म्हणे. अपडेट आलं की नेहमीचं बटण भलतीकडे गेलेलं असायचं, तेही ती लिहायची. कधी आंतरजालावर सापडलेल्या चिजा. कुणा परदेशी माणसाने आपल्या खिडकीतल्या एकाच झाडाचे नऊ वर्षं रोज काढलेले फोटो. शिशाच्या जुन्या मराठी खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या अक्षरांची, कुणीतरी जपून चढवलेली नमुनापुस्तिका.

आणि कितीतरी रविवारी तिची आई. आई विड्या वळायची. तिला वाचता येत नव्हतं, पण करिष्मा काम करत बसली की सूप मांडीवर घेऊन ती शेजारी यायची आणि पडद्याकडे बघून बोलायची. रंग, चित्रं, मोकळी जागा, सगळ्यावर तिचं मत असायचं. करिष्मा ते जसंच्या तसं ब्लॉगवर लिहायची. आई गेली, त्यानंतरही आठवेल तसं लिहीत राहिली.

वाचक किती? ब्लॉगच्या कोपऱ्यात आकडा दिसायचा. बहुतेक दिवशी चार. त्यातली एक करिष्मा स्वतः.

आठव्या वर्षी ती फुकट सेवा बंद पडली. तशी सूचना तीन महिने आधी आली होती, पण करिष्माने कधीच सोडून दिलेल्या एका पत्त्यावर. तिला कळलं तोवर ब्लॉगच्या जागी पांढरं पान उरलं होतं. तरी ती फारशी घाबरली नाही, कारण सगळ्या नोंदी माझ्या पोटात होत्या. माझी डिस्क काही दिवस करकरत होती. ते तिला ऐकू येत होतं, पण एका शाळेचं काम संपवायचं होतं म्हणून तिने आजचं उद्यावर टाकलं. शेवटी नोंदी दुसरीकडे उतरवायला ती बसली आणि अर्ध्या मिनिटात मी बंद पडलो.

मला बेळगावला विक्रम नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने दोन दिवस खटपट केली. मग करिष्माला समोर बसवून सांगितलं, "आक्का, खोटं कशाला बोलू? ह्यातनं काय निघणार न्हाय." त्याने माझ्यात नवी डिस्क बसवली. मित्रांनो, माझी स्वतःची आठवण तिथून सुरू होते.

मला पहिले आठवतात ते रिकामे रविवार. मला समोर घेऊन ती ग्राहकांची कामं करायची, पण रविवारी मला उघडायची नाही. आप्पांनी एकदा विचारलं की तुझं ते रविवारचं लिहिणं का थांबलं. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "जाऊ दे आप्पा. मीच लिहीत होते, मीच वाचत होते. पण आईचं बोलणं तेवढं तिथंच होतं." आप्पांनी तंबाखूची पुडी काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली.

असे दीड-दोन महिने गेले. मग एका गुरुवारी दुपारी साड्यांच्या दुकानातून फोन आला. कुणी म्हातारे गृहस्थ बेळगावजवळच्या काकतीहून आले आहेत, तुझा पत्ता विचारताहेत, पाठवू का?

पांढरा शर्ट, धोतर, खांद्याला कापडी पिशवी अशा वेशात ते आले. नाव मारुतीराव. बेळगावच्या एका छापखान्यात ते जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवून चाळीस वर्षं त्यांनी मजकूर बसवला होता. दारातच ते करिष्माकडे डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "तू बरी हाईस न्हवं पोरी? तुझं पान उघडंना झालंय. मला वाटलं, काय इपरीत झालं की काय."

आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं कळलं. खिळ्यांच्या नमुनापुस्तिकेबद्दल करिष्माने लिहिलेली नोंद त्यांच्या सुनेने त्यांना फोनवर दाखवली होती. आपल्या हाताखालून गेलेली अक्षरं तिथे बघून ते दिवसभर तेच पान उघडत बसले होते. तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता. पान दिसेनासं झालं तेव्हा कुणाला विचारावं हे त्यांना कळेना. करिष्माचा फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता, मेल त्यांना पाठवता येत नव्हती. पण तिने निपाणीतल्या दुकानाचं पहिलं संकेतस्थळ बनवलं हे वाचल्याचं लक्षात होतं. म्हणून सकाळची गाडी धरून ते निघाले आणि बसस्टँडपासून विचारत विचारत त्या दुकानात पोचले.

ब्लॉग का बंद झाला ते करिष्माने सांगितलं. सगळं गेलं, म्हणाली. मारुतीरावांनी पिशवी मांडीवर घेतली आणि पाच वह्या काढून माझ्या शेजारी ठेवल्या.

"सगळं कसं गेलं?" ते म्हणाले. "मी उतरून घेतलंय की."

फोनवरची बारीक अक्षरं वाचताना त्यांचे डोळे दमायचे. म्हणून सून वाचून दाखवायची आणि ते लिहून घ्यायचे. सुबक, टपोरं अक्षर, प्रत्येक नोंदीवर तारीख. जिथे करिष्माचं शुद्धलेखन चुकलं होतं तिथे लाल शाईने सुधारणा, छापखान्यात मुद्रितं तपासायची तशी. लाल शाई बरीच होती. मात्र सॉफ्टवेअरवरच्या रागाची एकही नोंद त्यांनी घेतली नव्हती. "त्यातलं मला काय कळत न्हवतं, म्हणून सोडलं बघ," ते जरा ओशाळून म्हणाले. त्यावर करिष्मा हसली. दोन महिन्यांत मी तिला हसताना प्रथमच ऐकत होतो.

तिने तिसरी वही उघडली, दोन-तीन पानं उलटली आणि थांबली. मग मोठ्याने वाचू लागली. साड्यांच्या दुकानासाठी तिने पडद्यावर सरकती चित्रं बसवली होती, त्या दिवसाची ती नोंद. आई शेजारी बसून म्हणाली होती, "ह्ये हलायचं बंद कर बघू. बाई लुगडं बघाया आलीया, जत्रा बघाया न्हाय."

आप्पा मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच डोळ्यांवर राहिला. करिष्मा वाचायची थांबली. मारुतीराव खिडकीतून बाहेर बघत बसले. मग आप्पा म्हणाले, "आणि एकदा वाच."

तिने परत वाचलं. मग पुढची नोंद, मग तिच्या पुढची. मारुतीरावांची परतीची गाडी चुकली, तेव्हा आप्पांनी त्यांना जेवायला ठेवून घेतलं.

त्यानंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. करिष्मा एकेक वही उघडून माझ्यावर टंकायची. लाल शाईची प्रत्येक सुधारणा तिने मान्य केली, फक्त आईच्या बोलण्यातल्या सोडून. आई जशी बोलली तसंच राहायला हवं, असं तिने मारुतीरावांना कळवलं, आणि त्यांनाही ते पटलं. एक वही पुरी झाली की ती काकतीला जाऊन परत देऊन यायची. तिथे अंगणात बसून ते तिला अक्षरांतली अंतरं कशी राखायची ते शिकवायचे. अशा रीतीने मला माझं तारुण्य वाचायला मिळालं. एसटीतल्या आप्पांच्या मांडीचा प्रवाससुद्धा मला दुसऱ्या वहीतून कळला.

'जोडाक्षर' आता करिष्माच्या स्वतःच्या जागेवर आहे आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. कामासाठी तिने नवं यंत्र घेतलं. मी हळू चालतो, पण रविवारचं लिहिणं माझ्यावरच होतं. मी कुणाचे उपकार मानू? मला मांडीवर घेणाऱ्या आप्पांचे, खोटी आशा न दाखवणाऱ्या विक्रमचे, सासऱ्याला दर आठवड्याला वाचून दाखवणाऱ्या त्या सुनेचे, की मारुतीरावांचे?

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल आणि ते करकरू लागलं तर उद्यावर टाकू नका. आणखी एक मागतो. आठ वर्षं करिष्माला वाटत होतं की तिला कुणी वाचत नाही, आणि त्याच काळात काकतीत एक माणूस तिच्या नोंदी वहीत लिहून घेत होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. तुम्ही कुणाचं मनापासून वाचत असाल, तर ते लिहिणाऱ्याला कळवा. त्यासाठी गाडी धरून निपाणीला यायला नको. 'वाचलं' एवढं लिहिलंत तरी चालेल.