रिकाम्या पाटावर हळद

"यशोदे, आता जे सांगतो त्यावर ब्रह्मदेवाचासुद्धा विश्वास बसणार नाही," तुळशीदास बंद दाराला म्हणाला. "पण ऐकून तर घे!"

दार गप्प. भर दुपारी चार वाजता स्वतःच्याच ओटीवर पाहुण्यासारखा उभा असलेला तुळशीदास डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत पिवळा होता. साधासुधा पिवळा नव्हे. ताजी हळद खोबरेल तेलात कालवून चोळली की चढतो तो, आणि मैदानावरच्या नळाखाली दोनदा अंग घासल्यावर आणखीच उजळलेला. वय एकाहत्तर. छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला, तोही पिवळा.

आगाशीच्या मैदानावर सकाळपासून लोकगीतांचा महोत्सव चालू होता. त्यात स्वयंसेवक व्हायची परवानगी यशोदेने नवऱ्याला एकाच अटीवर दिली होती: खुर्च्या मांडा, पाणी द्या, पण स्टेजची पायरी चढायची नाही. कारण गेल्या वर्षी तो 'माईक लागलाय का बघतो' म्हणून वर गेला आणि पाऊण तास गोष्टीच सांगत राहिला. गासहून आलेली वाजवणारी मंडळी गळ्यात घुमटं अडकवून खाली उन्हात ताटकळली. "यंदा वर पाय ठेवलात तर हा बिल्ला पुन्हा जन्मात छातीला लागणार नाही," असं यशोदेने सकाळी पापडाचं पीठ मळता मळता बजावलं होतं. तिचं बजावणं म्हणजे काय, ते तुळशीदासला ठाऊक होतं; त्याची तीस वर्षांची तंबाखू अशीच एका वाक्यात सुटली होती. आणि बिल्ला गेला तर वर्षभर केळीच्या वाडीत राबायचं तरी कशाच्या आशेवर?

"बाबा," आतून सुनेचा, उन्नतीचा आवाज आला. "आईंचे हात पिठात आहेत. त्या विचारतायत, स्टेजवर गेलात की नाही, एका शब्दात सांगा."

"एका शब्दात? मी काय बसचा कंडक्टर आहे? आधी ऐक म्हणावं. वसुंधराबाईंचं मंडळ आलं हळदीची गाणी म्हणायला. आठ बायका. पाट आणला, हळद वाटून आणली, नारळ, आंब्याचे डहाळे, सगळं आणलं. वर जाऊन पाट मांडला आणि आठही जणी तोंडं मिटून उभ्या! ती निवेदन करणारी पोरगी, ऋतिका, विरारच्या फ्लॅटमधली, ती म्हणते, 'काकी, तुमचा टाइम सुरू झालाय.' तर वसुंधराबाई म्हणतात, 'नवरा कुठंय?'"

"कुणाचा नवरा?"

"ऋतिकानेही हेच विचारलं! वसुंधराबाई म्हणाल्या, 'हळदीचा. कार्यक्रम तुमचा, मग नवरा तुमच्याकडूनच येणार ना? रिकाम्या पाटावर हळद गायची नसते बाय. घरातलं ठरलेलं लग्न मोडतं. माझ्या नातवाचं वैशाखात आहे.' ती पोरगी रडकुंडीला आली. 'अहो काकी, हा फक्त परफॉर्मन्स आहे!' तर त्या म्हणतात, 'ते तुला माहीत. हळदीला कुठं माहीत?'"

इथवर सगळं अक्षरशः खरं होतं. पण खऱ्याने दार उघडत नाही हे तुळशीदासला उभ्या आयुष्यात कळून चुकलं होतं. त्याने घसा खाकरला.

"मी कुठं होतो? मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या जारापाशी. स्टेजकडे पाठ करून! म्हटलं, नजरसुद्धा पायरीवर पडायला नको. तेवढ्यात आला फ्रेडरिक."

गासचा फ्रेडरिक हा तुळशीदासचा शाळेपासूनचा दोस्त, यंदा त्याच्यासोबतच स्वयंसेवक, आणि अंगाने गोदरेजच्या कपाटाएवढा.

"म्हणतो, 'तुळशी, गावाची अब्रू चालली.' म्हटलं, जाऊ दे. यशोदेला शब्द दिलाय. तर त्याने आणि आणखी तिघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि नेऊन पाटावर ठेवलं! आता तूच बघ यशोदे, माझा पाय पायरीला लागलाच नाही. मी हवेतून गेलो. तुझी अट पायरीची होती."

आत काहीतरी कुजबुज झाल्यासारखं वाटलं.

"आई विचारतायत," उन्नती म्हणाली, "पाठ करून उभे होतात, तर खुर्ची कुठून आली?"

"खुर्चीवर उभा होतो."

"पाणी देताना?"

"लांबच्या माणसाला देत होतो! मध्ये मध्ये तोडू नका. तर पाटावर मी एकटा आणि हळदीचे हात सोळा. एक गालाला, एक पाठीला, एक तर थेट कानात! गाणं असं चढलं की मांडवाचे बांबू डोलायला लागले. प्रमुख पाहुण्यांना वाटलं खरंच लग्न आहे. त्यांनी मला गुच्छ देऊन 'नांदा सौख्यभरे' म्हटलं."

"आई विचारतायत, तुम्ही गायलात का?"

गायला तर तो होता, आणि असा गायला होता की अजून छातीत गुदगुल्या होत होत्या.

"गायलो नाही. तिसऱ्या कडव्याला वसुंधराबाईंचा आवाज बसला. माझं तोंड आश्चर्याने उघडं राहिलं होतं, त्यातून गाणं आपोआप बाहेर पडलं. वारा लागला की बांबू वाजतो ना, तसं."

"किती वेळ वारा होता?"

"चार गाणी."

आतून उन्नतीच्या खोकल्याचा आवाज आला. तुळशीदासला हुरूप आला.

"आणि ऐक. येताना अल्पेशच्या वाडीतून आलो. बांधावरच्या केळीला हिरवागार, कोवळा घड. मला बघितलं आणि डोळ्यांदेखत पिकला! लाजून पिवळा पडला बिचारा. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा."

"बाबा, अल्पेशदादांच्या वाडीत केळी नाहीतच. पानवेली आहेत."

"मग पानं पिवळी पडली असतील. मी काय थांबून बघत बसलो?"

पण यशोदा काही बोलेना. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात ती एवढा वेळ गप्प राहिल्याचं तुळशीदासला आठवत नव्हतं. त्याला वाटलं, राग भलताच मोठा दिसतोय, आता हातचं काही राखून चालणार नाही. त्याने बिल्ल्यावर हात ठेवला आणि आवाजात जेवढी म्हणून गरिबी आणता येईल तेवढी आणली.

"यशोदे, माझा यात काडीचा दोष नाही गं. मला बळेच बसवलं. मी शेवटपर्यंत ओरडत होतो, 'फ्रेडरिकला बसवा, फ्रेडरिकला बसवा!' पण माझं ऐकतंय कोण? तुझ्या गळ्याशपथ!"

त्याच्या मागे फाटक करकरलं.

तुळशीदास वळला. फाटकात यशोदा उभी होती. पिठाचे हात नव्हते की घरातला गाऊन नव्हता. लग्नात नेसायची जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात महोत्सवात वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा, आणि मैदानापासून झपाझप चालत आल्याने लागलेली धाप. दाराआड उन्नती खो खो हसत सुटली.

"खोटं! साफ खोटं!" शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात यशोदा म्हणाली. "तिसऱ्या रांगेत बसले होते मी! फ्रेडरिक केव्हाचा पाटावर बसला होता, मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या बिचाऱ्याच्या. तुम्ही पाण्याचा जार टाकून धावत सुटलात, दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढलात आणि त्याला दंडाला धरून उठवलंत. वर म्हणता काय, 'ऊठ रे फ्रेडी, हळद वाटीभरच आहे, तुझ्या पोटालाच संपेल!' आणा तो बिल्ला इकडे!"