सोयुलची मावशी

मिरानचे पणजोबा दुष्काळात नदी ओलांडून कोरियातून चीनमध्ये गेले आणि घराणं तिथल्या यानजी शहराचं झालं. कागदोपत्री सगळे चिनी, पण चूल, नावं आणि बोली कोरियनच राहिली. म्हणूनच यानजीच्या शाळेतल्या मुली सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी कोरियात इंचॉनला निघाल्या, तेव्हा त्यांच्या थान बाईंनी शाळेतल्याच मिरानला दुभाषी म्हणून घेतलं. बाईंना कोरियनचं अक्षरही येत नव्हतं.

मिरान तयार झाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. तिची आई तिथून जवळच, सेऊलमध्ये, एका घरी मूल सांभाळायला राहिली होती. वडिलांनी दुसरा संसार थाटल्यावर आई मिरानला मामाकडे ठेवून गेली, तेव्हा मिरान दहा वर्षांची होती. आता तिला सोळावं लागलं होतं. मधली सगळी वर्षं आई होती ती फोनच्या पडद्यावर. या खेपेला मात्र तिने कबूल केलं होतं, जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येईन म्हणून.

सकाळी पाहुण्या मुलींना लाल रेशमी चिनी झगे घालायला लावले. मिरानने असला झगा जन्मात घातला नव्हता. मामाकडे सणाला कोरियन पोशाखच असायचा. तिच्या जोडीला दाइन नावाची यजमान शाळेतली मुलगी दिली होती. मुलगी मनमोकळी होती. मिरानने दोन वाक्यं बोलताच ती हरखली.

"झकास बोलतेस गं तू. कुठल्या क्लासला जातेस?"

"क्लास नाही. घरी हेच बोलतो आम्ही."

"मग हा सूर कसला? आमच्या सिनेमातले खंडणीवाले बोलतात असं."

बाकीच्या मुली खुसुखुसु हसल्या. एकीने आणखी काही बोलून दाखवायचा आग्रह धरला. मिरान बोलली, त्या पुन्हा हसल्या. कुणाच्याच मनात काळंबेरं नव्हतं. त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

मग पाहुण्यांनी सारण भरलेले चिनी डंपलिंग शिकवायचे आणि यजमानांनी कोबीचं तिखट लोणचं, किमची, असा कार्यक्रम होता. डंपलिंग मामीने कधी घरी केलेच नव्हते. मिरानचे सगळे पाण्यात पडताच उकलले, आणि 'चिनी असून येत नाही' म्हणून सगळ्यांची करमणूक झाली. किमचीच्या टेबलाशी मात्र तिचे हात आपसूक चालू लागले. कोबीचं एकेक पान उचलायचं, मुळाशी तिखट भरायचं, दुमडायचं. यजमान शाळेच्या बाईंनी माईकवरून सांगितलं, बघा, परदेशी मुलगी किती चटकन शिकली. टाळ्या पडल्या. मिरानने कमरेत वाकून आभार मानले. दुसरं काय करणार?

जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाकडे धावली. आई उभी होती, पडद्यावर दिसायची त्यापेक्षा बुटकी आणि थकलेली. कडेवर चारेक वर्षांची पोर. आईने मिरानला मिठीत घ्यायला हात पुढे केला, तशी पोरीने तिचा गळा आवळला आणि हात अर्ध्यातच राहिला.

मालकीणबाईंना अचानक कामावर जावं लागलं, सोयुलला ठेवणार कुठे, असं आई पुटपुटली. तिघी झाडाखालच्या बाकावर बसल्या. आईने डबा उघडला. समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या लहान लहान वळकट्या होत्या. मिरानला त्यातलं मुळ्याचं लोणचं फार आवडायचं, पण ते घातलेलं नव्हतं.

"सोयुल मुळा खात नाही ना," आई म्हणाली.

तिने एक घास सोयुलला भरवला, दुसरा मिरानच्या तोंडाशी नेला. एवढी घोडी झालेली मिरान, तिनेही तोंड उघडलं. सोयुल हे निरखून बघत होती.

"मावशी, ही कोण?"

"ही माझी मुलगी. मिरानताई म्हण."

सोयुलचा ओठ थरथरला. "मुलगी मी आहे."

"हो गं बाई, तूच माझी मुलगी. रडायचं नाही," आई म्हणाली आणि तिचं नाक पुसू लागली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मिरानने घास गिळला. मग विचारलं, वसंतात परत येणार होतीस, त्याचं काय? आईने नजर चुकवली. सोयुल शाळेत जाईपर्यंत थांब म्हणून मालकीणबाईंनी गळ घातली होती.

"मग तू हो म्हणालीस?"

"सवय झालीय गं तिला माझी. एकदम सोडून गेले तर आजारी पडेल लेकरू."

"मी पडले होते," मिरान म्हणाली. "तू गेल्यावर."

"ठाऊक आहे मला." आईचा आवाज खाली गेला. "तुझ्या शिक्षणासाठीच ना हे सगळं?"

"मी मागितलं होतं का?"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. मालकीणबाई होत्या, सोयुल झोपली का, टोपी घातली का, विचारत होत्या. आई उत्तरं देऊ लागली आणि मिरान बघतच राहिली. गुळगुळीत, सेऊलच्या बायकांसारखी बोली. यानजीचा सूर औषधालाही नव्हता. फोन ठेवल्यावर आई ओशाळून म्हणाली, "बाईंना चालत नाही. पोरीला आपली बोली लागेल म्हणतात."

सोयुल पेंगायला लागली होती. आईने तिला खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात पिशवी घेतली. डबा तूच ठेव म्हणाली. बस आली. चढून खिडकीशी बसल्यावर तिने पिशवी मांडीवर टेकवली, झोपलेल्या सोयुलचा लहानसा हात आपल्या हातात धरला आणि तोच मिरानकडे बघून हलवला. मिरानने हात वर केला नाही.

सभागृहात फोटोची तयारी चालली होती. कोण आलं होतं, असं दाइनने विचारलं. ओळखीच्या एक बाई, असं सांगून मिरान रांगेत उभी राहिली आणि हसा म्हटल्यावर हसली.

आई यानजीला परतली ती सोयुल शाळेत जायला लागल्यावरच. तिने छोटं घर घेतलं, मिरानसाठी एक खोली लावली, भिंतींना रंग दिला. मिरान तोवर शांघायला कॉलेजात गेली होती. नवीन वर्षाच्या सणाला आईने फोन केला, किमची घातलीय, मुळाही घातलाय, कधी निघतेस? मिरानने परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती.