रबरी म्हातारीचं वजन

रामनगरात लक्ष्मणशेटनं भाताचं जुनं गोदाम रिकामं करून त्यात जपानला जाणाऱ्यांसाठी शिकवणी केंद्र काढलं, तेव्हा मी तिथं राखणदार होतो. मी काही सांगायला लागलो की लोक आधीच हसून घेतात. हसा. काळी नदीत मी रेड्याएवढा मासा धरला होता, ते मी थोडं फुगवून सांगितलं होतं, कबूल. मासा वासराएवढाच होता. पण ही गोष्ट फुगवायला मला अजून धीर झालेला नाही.

धंदा असा होता. जपानात म्हातारी माणसं उदंड झालीत आणि त्यांना उठवायला, न्हाऊ घालायला तिथं हात पुरत नाहीत. आपल्याकडं हात भरपूर, काम नाही. बेळगावच्या पूर्णिमा मॅडम आठ महिने पोरींना जपानी भाषा आणि म्हाताऱ्यांची सेवा शिकवायच्या. शेवटी परीक्षा. पास झालं की विमान. नापास झालं की पुढच्या तुकडीची वाट बघायची, आणि पुढची तुकडी निघेल की नाही हे लक्ष्मणशेटलाही ठाऊक नव्हतं.

पोरी चौदा आणि सरावाला म्हातारी एक. रबराची. डोक्यावर केस नाही, अंगावर चिंधी नाही, डोळे सताड उघडे. टेम्पोतून मीच खांद्यावर टाकून आणली होती, म्हणजे वजन कितीसं असेल बघा.

गुंद गावची फुला त्या पोरींत सगळ्यांत चलाख. तिच्या घरचं भात रानडुकरांनी ठेवलं तर खळ्यात यायचं, त्यामुळं जपान तिला हवंच होतं. आई नसलेल्या या पोरीला तपकीर ओढणाऱ्या बायजाआजीनं वाढवलेलं. फुला इकडं शिकायला आली आणि दोनच महिन्यांत तिकडं आजीनं अंथरूण धरलं. "तू शीक, मी काय लगेच मरत न्हाई," असा आजीचा निरोप यायचा. माघात, उळवीच्या जत्रेच्या दिवसांत, ती गेली. बस भक्तांनी गच्च भरलेल्या, फुलाला पाय ठेवायला जागा मिळेना. ती पोचली तेव्हा चिता पेटवून माणसं परत फिरली होती. मेल्यावर आजीला न्हाऊ घालणारी शेजारीण एवढंच म्हणाली, "पाठीला जखम झाली व्हती गो. कूस बदलायला कोण न्हवतं."

परतताना फुलानं आजीचं एक लुगडं पिशवीतून आणलं. आमच्या भागात वर्षसराद्ध होईपर्यंत मेलेल्याचं कापड जिवंताच्या अंगाला लावत नाहीत. लावलं तर मेलेलं माणूस त्या अंगात राहायला येतं. फुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण रबराला अंग कुठलं, असा तिनं हिशेब केला. उघड्या बाईला न्हाऊ घालायची तिला पहिल्यापासून लाज वाटायची. तिनं ते लुगडं म्हातारीला नेसवलं, गुंदच्या बायका मारतात तशी खांद्यावर गाठ मारली आणि पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी चार पोरी मिळून म्हातारीला उचलायला गेल्या. खाट करकरली, म्हातारी हलली नाही.

"मामा, आत पाणी शिरलंय काय बघा," पूर्णिमा मॅडम मला म्हणाल्या.

मी वाकलो. पाणी नव्हतं. तपकिरीचा वास होता. मी त्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं आणि म्हणालो, "मॅडम, रबर जुनं झालं की जड होतं." इतकं फालतू खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

फुला पुढं आली, मानेखाली हात घातला, सगळा जोर लावला आणि म्हातारी उठली. बाकीच्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या. फुलानं तिला कुशीवर वळवलं आणि तिथंच थांबली. कमरेखाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम होती. ओली.

"रबर झिजलंय," मॅडम म्हणाल्या. "चिकटपट्टी लावू."

"चिकटपट्टी नको, मॅडम," फुला हळूच म्हणाली. "दुखंल तिला."

त्या दिवसापासून दुपारी सगळ्या जेवायला गेल्या की फुला कोमट पाण्यानं ती जखम धुवायची, कोरडी करायची, मलम लावायची आणि एरवी दिवसभर दर दोन तासांनी कूस बदलायची. वहीत लिहिलेलं होतं तस्संच. मी दाराशी बसायचो. भर उन्हात, पत्र्याखाली घामाच्या धारा लागलेल्या असताना, आतून कुणी कण्हलं की माझे दंड गार पडायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "फुला, काय म्हणती गो म्हातारी?"

"काय न्हाई, मामा. नुसती बघती." मग म्हणाली, "बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तरी."

जखम दिवसागणिक लहान होत गेली. तळहाताची सुपारी झाली, तशी बाकीच्या पोरींनाही म्हातारी जोर लावून उचलता यायला लागली. पण जखम पुरती भरायच्या आधीच परीक्षेचा दिवस आला.

परीक्षक नागराज बंगळूरहून आले. सडपातळ माणूस, हातात घड्याळ. पाच मिनिटांत म्हातारीला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, प्रत्येक हालचालीआधी तिला जपानीत सांगायचं. फुलाची पाळी आली. तिनं वाकून नमस्कार केला, जपानीत काही बोलली, म्हातारीला कुशीवर घेतलं. जखम पुन्हा उघडली होती. सकाळपासून तेरा पोरींनी ओढाताण केली होती.

खुर्ची हातभर अंतरावर. बसवलं असतं तर पास. नागराजना तिथं रबराशिवाय काही दिसत नव्हतं.

"दोन मिनिटं राहिली," ते म्हणाले.

"फुला, बसव गं!" मॅडम कुजबुजल्या.

फुलानं खुर्ची पायानं मागं सारली. पाणी घेतलं, मलम घेतलं आणि गुडघ्यावर बसून जखम धुवायला लागली. "आज बसवायचं न्हाई हां, आज्जे," ती म्हणाली, तेही जपानीत नाही. घड्याळ वाजलं तेव्हा ती पट्टी बांधत होती.

"का बसवलं नाहीस?" नागराजनी विचारलं.

"जखमेवर बसवायचं नसतं, सर. शिकवलंय."

"घरी होतं का कुणी असं?"

"व्हती."

"तिचं कोण करायचं?"

फुलानं पट्टीची गाठ मारली. "मी हितं व्हते, सर. शिकत व्हते."

नागराजनी घड्याळ खिशात टाकलं आणि नापास लिहिलं. नियम म्हणजे नियम. तेरा पोरी त्या महिन्यातच विमानात बसल्या.

पोरी गेल्यावर पट्टी सोडली तेव्हा खाली साधं गुळगुळीत रबर होतं. फुलानं लुगडं उतरवलं, घडी घातली आणि गुंदला गेली. पुढची तुकडी निघायला अकरा महिने लागले. तोवर तिनं आजीचं वर्षसराद्ध केलं, भाताची राखण केली आणि परत आली.

परीक्षेला पुन्हा तेच नागराज. फुलानं जपानीत सांगितलं, मानेखाली हात घातला आणि उचललं. सवयीनं तिनं इतका जोर लावला होता की म्हातारी छाताडावर येऊन आदळली. हलकी, पोकळ, नुसती वस्तू. तीन मिनिटांत ती खुर्चीत बसली होती.

फुला त्या खुर्चीशी उभी राहून रडायला लागली. नागराज उठून टाळ्या वाजवायला लागले, मॅडमनी तिला मिठी मारली, पोरींनी पेढे मागवले. सगळ्यांना वाटलं, पोरगी पास झाली म्हणून रडतेय. मीही पेढा खाल्ला. काय सांगणार होतो त्यांना?