वांगी कलरचे नव्वद दिवस

मेनफ्रेमची डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली होती. सुरतेच्या त्या कापड मिलचे मॅनेजर प्रवीणभाई सकाळीच नूतनला म्हणाले, "नूतनबेन, जूनुं बधुं काढी नाखो. कामनुं होय तो कहेजो." जुनं सगळं काढायचं आणि कामाचं निघालं तर सांगायचं. कामाचं कोणतं आणि बिनकामाचं कोणतं हे आधीपासून बघितलं असतं तर डिस्क भरलीच नसती, पण मॅनेजरांना हे सांगणार कोण?

मिलमधलं कुणीही टर्मिनलवर बसलं की त्याने काय काय टाइप केलं याची फाइल आपोआप तयार व्हायची. माणूस उठून गेला तरी फाइल तिथेच पडून. नव्वद दिवसांनी ती काढायची असा नियम होता, पण आधीच्या ऑपरेटरने बारा वर्षांत एकही काढली नव्हती. त्या महाभागाच्या आळसाला नूतनने मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले.

उघडून बघता बघता ती विठ्ठल मास्टरांच्या फायलींपाशी थांबली. हे मिलचे कलर मास्टर, डिंडोलीत तिच्या घरामागच्याच गल्लीत राहणारे, तिच्यासारखेच खानदेशातले. कोणत्या शेडला कोणता रंग किती ग्रॅम, ते सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही, कारण कलर मास्टरची नोकरी त्या न लिहिण्यावरच टिकते. वजनाची चिठ्ठी काढण्यापुरते ते आकडे टाकायचे आणि लगेच पुसायचे, कुणाला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. फायलींत मात्र पुसलेलंसुद्धा उमटलं होतं. बारा वर्षांच्या शेड, ओळीने.

पर्वत पाटियाच्या कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याला साड्यांसाठी गेल्या वर्षीचाच वांगी कलर हवा होता आणि मास्टरांचे तीन नमुने परत आले होते. चौथा आज संध्याकाळी जायचा होता. तोही परत आला तर नवा मास्टर आणायचं प्रवीणभाईंनी ठरवलं होतं. ह्या फायली त्यांच्या हाती लागल्या तर तेवढं थांबायचीही गरज नव्हती.

ती उठली आणि रंगखात्यातून मास्टरांना बोलावून घेऊन आली. स्क्रीनवरचे आपलेच आकडे त्यांनी ओळखले.

"काका, नियमाप्रमाणे हे सगळं आत्ता काढून टाकते. तुम्हाला माहीत असावं म्हणून दाखवलं," ती म्हणाली.

"थांब." मास्टरांनी दार लोटलेलं आहे ना ते बघितलं. "मांगला सालना वांगी कलर शे का त्यामां?"

"तुम्हाला तो..."

"इसरी गऊ, बेटा. दोन याद शेतस. तिसरा येत नही. तीन्ही डाव अंदाजवर टाकं."

दोन रंगांची वजनं लक्षात, तिसऱ्याचं तीनही वेळा अंदाजाने. नूतनला त्यांची दया आली, आणि दया आल्याची लाजही वाटली. तिने गेल्या वर्षीची फाइल शोधून वाचली. शंभर किलो कापडाला लालसर रुबीन चारशे वीस ग्रॅम, नेव्ही एकशे पंच्याऐंशी, ब्राउन पस्तीस. "लिहून देऊ?"

"कागद नको." ओठ हलवत त्यांनी तीनदा वाचून घेतलं. "आते पुसी टाक."

तिने पुसलं. प्रवीणभाईंना सांगितलं की नव्वद दिवसांच्या आतलं ठेवलंय, बाकीचं काढलं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त कामाचं काही निघालं का, त्याचं उत्तर नव्हतं.

चौथा नमुना त्याच संध्याकाळी पास झाला. दुसऱ्या दिवशी अख्खा लॉट रंगवायचा होता आणि दहाच्या सुमाराला मास्टर नूतनच्या दारात उभे राहिले. आत येईनात.

"बेटा, ब्राउन कितला व्हता?"

गेल्या वर्षीची फाइल तर नूतनने कालच पुसली होती. मग तिला आठवलं. नमुन्यासाठी काल मास्टर स्वतः टर्मिनलवर बसले होते, आकडे टाकले होते, चिठ्ठी काढली होती आणि सवयीने पुसलंही होतं. तिने कालची फाइल उघडली.

"पस्तीस."

मास्टर आत येऊन स्क्रीनकडे बघू लागले. "हाई कितला दिन ऱ्हाई?"

"नव्वद."

"आनि मंग?"

"मग परत एकदा टाइप करा, काका. आणि नेहमीसारखं पुसून टाका."