वाघूर आणि वाघरू

निरगुडसरच्या शिवारात ऊस तुटला आणि त्या वाघराचं घरच गेलं.

बिबट्याला तिकडचे धनगर वाघरू म्हणतात. हे वाघरू फडातच जन्मलं, फडातच वाढलं, आणि आता आईनंही त्याला तोडलं होतं. मेंढी थोराड झालेल्या कोकराला लाथ मारून आचळापासून दूर करते ना, अगदी तसंच. नवसू धनगरानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सयाजीच्या मोकळ्या रानात तो खतासाठी मेंढरं बसवायला आला, त्याच सुमारास मादी ओढ्यापलीकडं निघून गेली. पिल्लू मागं लागलं तर फिस्कारून, पंजा उगारून तिनं त्याला परत धाडलं.

तेव्हापासून ते एकटं. सकाळच्या उन्हात मोरामागं धावायचं. मोर बाभळीवर, आणि हे खाली तोंड वर करून बसलेलं. उंदरांसाठी पाचट उकरायचं. ओढ्यात खेकडा धरायला जाऊन नाकाला नांगी लावून घ्यायचं. पार खपाटीला गेलं होतं पोट.

"अवं, सयाजीभाऊच्या कानावर तरी घाला," तुकाबाई नवऱ्याला म्हणायची.

"घातलं की पिंजरा आलाच. उचलून न्हेत्याल कुटंतरी."

"आन् आपल्या मेंढरावर आलं तर?"

 नवसूच्या जिवाला खरा घोर तोच होता. एकदा मेंढराची चटक लागली की ते दुसरं काही शिकायचं नाही. रोज कळपावर येणार. मग कळप तरी संपणार, नाहीतर ते तरी.

म्हणून तो वाघूर लई जपून ठोकायचा. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची दोरीची जाळी. पण त्या दिवशी उजाडता उजाडता एडक्यानं काठीला अशी धडक दिली, की जाळीची एक बाजूच आडवी झाली. मेंढरं भसाभसा बाहेर पडली. एक कोकरू, नुकतंच पायावर उभं राहायला लागलेलं, आईचा वास चुकून भलतीकडंच निघालं, ऊस तुटायचा राहिलेल्या कोपऱ्याकडं.

"वाघूर! तुके, वाघूर धर! वाघूर!" नवसू जीव खाऊन ओरडला.

सयाजी फडाच्या पलीकडच्या अंगाला पाण्याची मोटार चालू करायला आलेला. बागायतदार माणूस, त्याला वाघूर कुठली ठाऊक?

"आयला, वाघरू!" तो गड्यांना म्हणाला. "आन् म्हातारा बायकूला सांगतोय धर म्हनून! चला रं, पत्र्याचं डबं घ्या!"

आणि त्यांनी तिकडून डबे बडवत, आरोळ्या ठोकत उसात शिरायला सुरुवात केली.

इकडं नवसू कोकरामागं धावला, आणि मध्येच खिळल्यासारखा थांबला. कोकराच्या पुढं, बांधाच्या सावलीत, वाघरू दबून पडलेलं होतं. मातीत माती झालेलं. फक्त शेपटीचा शेंडा हलत होता. इतके दिवस धांदरटासारखं धावणारं ते पोर आज हलत नव्हतं. नवसूच्या मनात आलं, हे कुणी शिकवलं याला? कोकरू बें बें करत थेट त्याच्या तोंडाकडं चाललेलं. हाक मारावी तर ते झडप घालणार, धावावं तर पोचायचं नाही. ओझरच्या सप्ताहात बसून बसून नवसूच्या जिभेला ऊठसूट विठ्ठल म्हणायची सवय लागलेली. पण आता तेही नाव ओठातून निघेना.

तेवढ्यात ऊस फाटल्यागत आवाज झाला. डब्यांच्या गोंगाटाला भ्यालेली रानडुकरीण फडातून सुसाट बाहेर आली, मागं तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. ती थेट कोकराच्या आणि वाघराच्या मधून गेली. वाघरू उठलं. डुकरिणीनं सुळ्याचा हिसका दिला, तसं ते चेंडूसारखं बाजूला उडालं. पण पळालं नाही. तिला जाऊ दिलं, पिल्लांनाही जाऊ दिलं. सगळ्यात मागं राहिलेलं जे होतं, त्याच्यावर मात्र ते असं पडलं, की नवसूला उडी दिसलीच नाही. आधी होतं तिथं नव्हतं, आणि नव्हतं तिथं होतं. एक किंकाळी, आणि संपलं.

कीर्तनात बुवांनी हात वर केला की सगळे टाळ एकदम थांबतात, तसं शिवार थांबलं. नवसूचे हात आपोआप जुळले. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. त्याच्या स्वतःच्या पोरानं पहिल्यांदा कळप एकट्यानं हाकला, तेव्हाही त्याला असं भरून आलं नव्हतं.

वाघरानं शिकार तोंडात धरली, एकदा नवसूकडं पाहिलं आणि बांधावरच्या चिंचेवर चढून गेलं.

गड्यांना उसात मागं टाकून धापा टाकत सयाजी आला, हातात डबा तसाच. "कुटंय वाघरू?"

"वाघूर म्हनलो व्हतो, राव! जाळी पडली व्हती माजी."

"हात् तुमच्या! मंजे वाघरू न्हाईच? फुकट घसा कोरडा केला आमचा!" सयाजी चिंचेखालीच टेकला आणि टोपीनं वारा घेऊ लागला. त्याच्या खांद्यावर रक्ताचा थेंब पडला. दुसरा पडला तेव्हा त्यानं वर पाहिलं.

टोपी हातातच राहिली. मग तो बूड न उचलता, हळूच मागं मागं सरकत नवसूपर्यंत आला.

"पोरगंच हाय वो हे," तो कुजबुजला. "पयलीच शिकार?"

"पयलीच. आन् तुमीच हाकून दिली."

सयाजीला हसावं का भ्यावं कळेना.

"तळ आजच हालवतो, भाऊ," नवसू म्हणाला. "कळप त्याच्या म्होरं ठिवायला नको."

"आन् रान? निम्मं बसायचं ऱ्हायलंय की!"

"येतो की माघारी. आज हितनं जाऊ द्या. आन् तुमी बी कुनाला बोलू नका, एवडं करा."

सयाजीनं वर पाहिलं. मग हातातला डबा आवाज न होईल असा मातीत ठेवला. "मी कशाला बोलू," तो म्हणाला. "गडी कायतरी इच्यारत्याल. सांगतो, जाळी पडली व्हती."

तुकाबाईनं कोकरू घोड्यावरच्या झोळीत घातलं. मेंढरं हळूहळू ओढ्याच्या विरुद्ध दिशेला लागली. कुणी शीळ घातली नाही, कुणी हाळी दिली नाही. मागं चिंचेत हाडं फुटल्याचा आवाज येत होता, सावकाश, पोटभर.