काचेपलीकडचं भरीत

सुकदेव आबांना धुराजवळ जायला डॉक्टरांनी बंदी केली, त्याला यंदा तीन हिवाळे झाले. त्याआधी चाळीस वर्षं अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात आणि आसपासच्या गावांत कुठेही पंगत असली, की भरीत आबांचंच. वावरात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर पोतंपोतं वांगी भाजायची. जाळ सांभाळायचा त्यांचा जोडीदार अमीन सुतार, आणि भाजलेली वांगी लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायचे आबा. त्या धुरानेच शेवटी छाती धरली. पत्नी गेल्यावर ते धुळ्याला, देवपुरात मुलीकडे राहायला आले.

मुलगी हेमांगी गॅसवर वांगं भाजून भरीत करायची. आबा निमूट खायचे. एकदाच म्हणाले, "चांगलं शे बेटा. पन वावरनं नई वाटत."

ते जावयाने, हितेंद्रने, मनात ठेवलं. जानेवारीत त्याच्या ऑफिसातला एक जण बदली होऊन गेला आणि जाताना आपला इलेक्ट्रिक स्मोकर त्याला देऊन गेला. लहान फ्रिजएवढं कपाट. तळाशी विजेची कॉइल, तिच्यावर लाकडाचे तुकडे ठेवायचा ट्रे, त्यावर पाण्याचं भांडं आणि वर जाळ्या. लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि त्या धुरात पदार्थ सावकाश शिजतो.

"गॅलरीत ठेवू," हितेंद्र हेमांगीला म्हणाला. "आबा आत बसतील, काचेचं दार बंद. धूर बाहेरच्या बाहेर जाईल."

त्याने गावी फोन करून अमीनचाचांना बोलावून घेतलं. रविवारी सकाळच्या एसटीने ते आले. काखेत कपाशीच्या काड्यांची मोळी, पिशवीत हिरवट पांढरी मोठी वांगी. दोघं म्हातारे सोफ्यावर शेजारी बसले आणि काचेतून गॅलरीकडे बघू लागले.

हितेंद्र कामाला लागला. आधीच्या मालकाने कपाट काळंकुट्ट करून ठेवलं होतं. ते घासायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. पुन्हा ती पाळी नको म्हणून त्याने ॲल्युमिनियम फॉइलचा अख्खा रोल आणला होता. तळ झाकला, भिंती झाकल्या, काड्या भरलेल्या ट्रेवरही फॉइल ओढली. जाळ्या इकडून तिकडे गुंडाळल्या. शेवटी एकेक वांगंसुद्धा फॉइलमध्ये बांधलं. मग दार लावून बटण दाबलं.

अर्धा तास झाला. कपाटाच्या वरच्या झरोक्यातून धुराची रेघही निघेना. आबा पुढे सरकून बसले.

"अमीन, त्या कपाटना दम कोंडाई राह्यना," ते म्हणाले.

"हा ना," अमीनचाचा म्हणाले. "वास बी येत नई."

तेवढ्यात कपाटाच्या तळाशी चट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. हितेंद्रने आधी स्मोकरचा प्लग काढला, मग दार उघडलं. तळाच्या फॉइलची कड वर उचलली जाऊन कॉइलला चिकटली होती. तिथे ती काळी पडली होती.

तो आत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "राहू द्या आबा. गॅसवरच करू. माझ्याच्याने नाही व्हायचं."

आबांनी त्याचा हात धरून शेजारी बसवलं. "जवाईबापू, आम्ही पह्यल्या सालले काय करेल व्हतं, सांगू?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच लग्नात, घाई म्हणून, त्यांनी आणि अमीनने काड्यांवर वांग्यांचा ढीगच रचला होता. कुठे फट नाही. खालचा जाळ विझला, वरची वांगी कच्ची राहिली, आणि वऱ्हाड डाळभात खाऊन उठलं. वधूपिता काही बोलला नाही, पण आबांची आई आठ दिवस बोलत होती.

"माझा बाप पण बोलला," अमीनचाचा हसत म्हणाले. "म्हणे, सुतारकीच कर तू."

"धूरले वाट जोयजे," आबा म्हणाले. "खालतीन ये, वांगाले लाग, वरतीन जाय. बठ्ठा कागद काढी टाका."

हेमांगीने ड्रॉवरमधून स्मोकरबरोबर आलेली पुस्तिका काढली. आतापर्यंत ती कोणी उघडलीच नव्हती. तिने वाचून दाखवलं. फॉइल कॉइलला लागता कामा नये. झरोका आणि तेल-पाणी गळायचं तळाचं भोक झाकू नये. भिंती आणि जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. चिंच, टोमॅटो, लिंबू असं आंबट काही फॉइलवर ठेवू नये. साफसफाई वाचवायचीच असेल तर पाण्याच्या भांड्याला आणि गळणारं तेल-पाणी झेलणाऱ्या तळाच्या ट्रेला घट्ट बसेल एवढीच फॉइल, भोकाशी कापून.

"म्हणजे आबांनी सांगितलं तेच," हितेंद्र म्हणाला.

हितेंद्रने पडलेला मेन स्विच वर केला, आणि कपाट थंड होईपर्यंत चहा झाला. मग सगळी फॉइल निघाली. हितेंद्रने फक्त पाण्याच्या भांड्याला आणि तळाच्या ट्रेला ती नीट दाबून बसवली, भोकाशी कात्रीने गोल कापली. काड्या अमीनचाचांनी बोटबोटभर मोडून दिल्या. वांग्यांना चिरा पाडून ती उघडीच, एकमेकांत दोन बोटं जागा सोडून ठेवली. या वेळी आबा काचेला नाक लावून उभे राहिले आणि आतून बोटाने दाखवू लागले: ते वांगं थोडं उजवीकडे, झरोका अजून उघडा.

मग कपाटाचं दार लावून हितेंद्रने बटण दाबलं. दहा-पंधरा मिनिटांनी झरोक्यातून निळसर, पातळ धूर निघाला. गॅलरीचं काचेचं दार घट्ट लावलेलं होतं, तरी फटीतून वासाची एक झुळूक आत आली. कपाशीच्या काडीचा तो जरासा गोडसर वास. हेमांगी घाबरून दाराला टॉवेल लावायला धावली. पण आबांना खोकला आला नाही. ते डोळे मिटून उभे होते.

"शामराव पाटलाचा मळा," ते म्हणाले.

"विहिरीकडचा," अमीनचाचा म्हणाले. "तुझी बायको कांद्याची पात चिरायची. चिरता चिरता बोलायची की बोलता बोलता चिरायची, काही समजायचं नाही."

आबा हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

वांगी मऊ व्हायला दोन तास लागले. साल जळून काळी झाली नव्हती, सुरकुतली होती, सोलायला वेळ लागला. अमीनचाचांनी गावाहून बडगीही आणली होती. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, पात पडली. आबा ठेचायला बसले, पण चार घावांत दम लागला. त्यांनी मुसळी हेमांगीच्या हातात दिली.

"आपटू नको. दाबी दाबी फिराव," ते म्हणाले, आणि तिच्या मनगटावर आपला हात ठेवून त्यांनी दोन-तीन वेळा फिरवून दाखवलं.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीबरोबर पहिला घास घेऊन अमीनचाचांनी बराच वेळ चावला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"जाळाचं नाही हे," ते शेवटी म्हणाले. "धुराचं आहे. आपल्याच धुराचं."

आबांनी मान हलवली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर ते हेमांगीला म्हणाले की पुढच्या रविवारी ठेचायला तीच बसेल, ते फक्त बघतील. आणि पात जरा बारीक चिर, तुझी आई चिरायची तशी.