आठ कोअर की सोळा

माझी आत्या व्हिडिओ एडिटिंगची कामं घेते आणि आतोबांना गेमचं भारी वेड. घरात कॉम्प्युटर एकच घ्यायचा होता. आतोबांना आठ कोअरचा प्रोसेसर हवा होता, कारण त्यातला एकेक कोअर जास्त वेगवान, त्यावर गेम लोण्यासारखा चालतो. आत्याला सोळा कोअरचा हवा होता, कारण त्यावर व्हिडिओ निम्म्या वेळात तयार होतो. दोघंही ऐकेनात, तेव्हा दुकानदार म्हणाला, "दोन्ही मशीन मांडून देतो. निवांत बसा आणि ठरवा."

दोघं अकरा दिवस रोज डबा घेऊन दुकानात येत राहिले. आत्या घड्याळ लावून व्हिडिओ बनवायची, आतोबा शेजारी बसून राक्षस मारायचे. बाराव्या दिवशी दुकानदाराने आत्याच्या हातात किल्ली ठेवली. "बहिणीकडे आठवडाभर जाऊन येतो. तुम्ही आहातच."

मग गिऱ्हाइकं त्यांनाच विचारू लागली. एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. "मला फक्त पत्रं टाइप करायचीत. यातला कुठला घेऊ?"

दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "कुठलाच नको, बाई. जुन्यावरची धूळ पुसा."

आठवड्यात त्यांनी तीस गिऱ्हाइकं अशी परत पाठवली. दुकानदार आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "हात जोडतो, कुठलाही अर्ध्या किमतीत न्या, पण जा!"

"अर्ध्या किमतीत?" आत्या विचारात पडली. "अहो, मग तर सगळी तुलना पहिल्यापासून करावी लागेल."

आतोबांनी लगबगीने तिच्यासाठी खुर्ची ओढली.